सिस्टर, पाणी जातं का?

पुरुषांचा वॉर्ड मी मागून घेतला होता. माझ्याबरोबरीच्या सिस्टर बाळंतिणींच्या वॉर्डासाठी भांडायच्या. तिथे पेढे मिळतात आणि लोक वर्षानुवर्षं नाव काढतात. लघवीच्या आजाराच्या वॉर्डात पेढे कोणी वाटत नाही. इथून बरा होऊन गेलेला माणूस नवी पेठेत समोरून आला तर दुकानाच्या पाटीकडे बघत पुढे जातो. मला ते सोयीचं वाटे. आपण काम करावं, पेशंटने पायजमा बांधावा आणि घरी जावं. नंतर एकमेकांचे उपकार आठवत बसायची गरज नाही.

सोलापुरात आमच्या डॉक्टरांचं पंचवीस खाटांचं हॉस्पिटल होतं. डॉक्टर विलायतेत शिकून आलेले. येताना त्यांनी एक यंत्र आणलं होतं, शिलाई मशीन मावेल एवढ्या पेटीत बसणारं. त्याचं नाव लांबलचक होतं. वॉर्डात सगळे त्याला ‘बर्फाचं मशीन’ म्हणत आणि त्यावर होणाऱ्या ऑपरेशनला ‘बर्फाचं ऑपरेशन’.

ते कशासाठी, हे सांगते. पुरुषाच्या लघवीच्या पिशवीच्या तोंडाशी अक्रोडाएवढी एक गाठ मुळातच असते. तिला प्रोस्टेट म्हणतात. वय झालं की ती फुगते, लघवी अडते, आणि माणूस आमच्याकडे येतो. बहुतेकांची ती नुसतीच फुगलेली असते. पण एखाद्याची तपासताना डॉक्टरांच्या बोटाला वाटाण्याएवढं कडक काही लागे. मग सुईने तुकडा काढून पुण्याला पाठवायचा आणि आठ दिवस उत्तराची वाट बघायची. उत्तर वाईट आलं, तरी वाटाणा वाटाण्याएवढा असेपर्यंत हातात असतो. एकदा हाडात उतरला की आमच्या हाती फारसं काही उरत नाही.

अशा लवकर सापडलेल्या गाठीवर डॉक्टर बर्फ चालवत. पेशंटच्या पाठीत सुई देऊन कमरेखालचा भाग बधिर करायचा. लघवीच्या वाटेने एक पोकळ दांडी आत सरकवायची. त्या दांडीतून द्रव नायट्रोजन खेळवला की तिच्या टोकाभोवतीचं मांस दगडासारखं गोठतं आणि मरतं. डॉक्टरांचं एक बोट तेवढा वेळ मागच्या वाटेने आत असे. गारठा आतड्याच्या भिंतीपर्यंत आला की बोटाला गार लागे, आणि ते ‘बंद’ म्हणत. ‘बंद’ म्हटल्यावर नायट्रोजनचा कॉक फिरवायचं काम माझं. एका श्वासाचाही उशीर चालत नसे, कारण आतडं गोठलं तर पुढे तिथे भोक पडतं. माझ्या हातून तसं एकदाही झालं नाही. हे मी मिरवून सांगते, कारण मिरवण्यासारखं आहे.

चिरफाड नाही, रक्त जवळजवळ नाही. ज्याचं हृदय कमजोर आहे त्यालाही झेपायचं. त्रास पुढे असे. मेलेलं मांस पंधरा-वीस दिवस तुकड्या-तुकड्यांनी लघवीतून पडत राही, त्याला वास येई, आणि तेवढे दिवस नळी ठेवावी लागे. नळी काढल्यावर काहींचं धोतर महिना-दोन महिने ओलं होई. हे सगळं आम्ही पेशंटला आधी सांगत असू. एक गोष्ट सांगत नसू.

ती काय, ते सांगण्याआधी नायट्रोजनबद्दल सांगायला हवं. तो सोलापुरात आमच्याशिवाय लागे तो गुरांच्या कृत्रिम रेतनाला. जातिवंत वळूचं बीज त्यात वर्षानुवर्षं गोठवून ठेवतात. त्यांची टाकी आली की त्यातून आमचा कॅन भरून मिळे. बुधवारी दस्तगीर तो घेऊन यायचा. दस्तगीर आमचा वॉर्डबॉय, पण नावालाच बॉय. त्याला तीन नातवंडं होती. कॅन आणताना तो टांग्यात नव्या नवरीला आणल्यासारखा अंग चोरून बसे. झाकणातून पांढरी वाफ निघत राही. नायट्रोजन थांबत नाही, आपोआप उडत जातो. बुधवारी आलेला कॅन शनिवारी तळ दाखवी. म्हणून ऑपरेशन गुरुवारीच.

कॅनवर बैलाचं चित्र रंगवलेलं होतं. त्यावरून वॉर्डात काय काय चाले! भवानी पेठेतल्या मल्लय्या नावाच्या विणकराने मला ऑपरेशनच्या सकाळी अगदी गंभीरपणे विचारलं होतं, ‘‘सिस्टर, आमाला बैलाचा काय घालनार नाय ना?’’

‘‘नाही. घातलं असतं तर तुमचा माग दुप्पट चालला असता,’’ मी म्हटलं. तो हसला आणि त्याची भीती गेली. वॉर्डात असंच बोलावं लागतं.

मल्लय्याचं सगळं छान झालं. नळी निघाली, धोतर ओलं व्हायचं थांबलं, तो पुन्हा मागावर बसला. आठ महिन्यांनी तपासणीला आला तेव्हा डॉक्टरांनी पाठ थोपटली. जाताना तो माझ्या टेबलापाशी थांबला. दाराची कडी उगाच खालीवर करत राहिला.

‘‘सिस्टर, बाकी सगला ठीक हाय. पन ते... घरात... ते काय नाय आता.’’

मला कळलं. मी केसपेपरवरून नजर न काढता म्हटलं, ‘‘वयाने होतं हो, मल्लय्या. पन्नाशी उलटली ना?’’

‘‘हां,’’ तो म्हणाला, ‘‘वय.’’ आणि गेला.

शंका मला होती. आणखी दोघा-तिघांच्या चेहऱ्यांवर मी तोच प्रश्न पाहिला होता. पण विचारायचं कोणाला, आणि विचारून करायचं काय? जीव वाचला हे थोडं झालं का, असं मी स्वतःला सांगितलं आणि पुढचा केसपेपर घेतला.

त्यानंतरच्या पावसाळ्यात बिरूतात्या आला. मंगळवेढ्याकडचा धनगर, वय पंचावन्नच्या आसपास, काठीसारखा सरळ. लघवीला सारखं जावं लागतं म्हणून आला आणि डॉक्टरांच्या बोटाला वाटाणा लागला. पुण्याहून उत्तर वाईट आलं. कोणाला ‘कॅन्सर’ म्हणायची तेव्हा पद्धत नव्हती. ‘वाईट गाठ आहे, आत्ता काढली तर वाचाल,’ असं त्याला सांगितलं. त्याने मान डोलवली आणि बुधवारी घोंगडी घेऊन एकटाच हजर झाला. बायको मेंढरांपाशी होती.

संध्याकाळी मी एनिम्याची तयारी करत होते. तात्याने हळूच हाक मारली.

‘‘सिस्टर, एक इचारू का? ह्यानं पानी जातं का वो?’’

आमच्या वॉर्डात लघवीला कोणी लघवी म्हणत नसे. बाईमाणसासमोर लाज वाटे. ‘पाणी अडलंय’, ‘पाणी थेंब थेंब जातं’, असंच म्हणत. रोज पन्नास वेळा तो शब्द माझ्या कानावर पडे. मी धडाक्यात उत्तर दिलं, ‘‘जातं की! चांगलं जातं.’’

‘‘समद्यांचं जातं?’’

‘‘सगळ्यांचं. इतकी वर्षं झाली, या वॉर्डात एकाचंही राहिलेलं नाही.’’

 मी त्याच्या खांद्यावर थाप मारली आणि पुढच्या खाटेकडे वळले. ताटं वाटायची वेळ झाली तेव्हा तात्याची खाट रिकामी होती. घोंगडी नाही, काठी नाही. एनिम्याचं भांडं तेवढं तसंच.

‘‘भाग्या, बाई!’’ दस्तगीर धावत आला. ‘‘फाटकसे ऐसा भाग्या जैसे पीछे लांडगा लग्या!’’

शेजारच्या खाटेवर हर्नियाचे एक पेशंट होते, अक्कलकोटचे जुने किराणा दुकानदार. ते टाके सांभाळत, पोट धरून हसत होते.

‘‘सिस्टर, काय सांगितलात तुम्ही त्या गड्याला? सगळ्यांचं पाणी जातं म्हणून? अहो, गडीमाणूस पाणी म्हणतो ते लघवीचं नव्हे हो. त्याने विचारलं, माझं पुरुषाचं पाणी नाहीसं होतं काय? आणि तुम्ही म्हणलात, इथं एकाचंही ठेवलं नाही!’’

नसबंदीची धामधूम चालू होती ती वर्षं. दवाखान्याच्या पायरीवर पाय ठेवणारा प्रत्येक पुरुष आधीच दचकलेला असे. त्याला मी हे छातीठोकपणे ऐकवलं होतं.

डॉक्टर चिडले. ‘‘कॅन भरून आलाय, सिस्टर. पेशंट तुम्ही घालवलात, तुम्हीच घेऊन या.’’

‘‘आणते,’’ मी म्हटलं. ‘‘पण मला आधी एक सांगा. त्याने विचारलं ते पाणी जातं का?’’

डॉक्टरांनी एक्स-रे उजेडासमोर धरला. 

‘‘बहुतेकांचं,’’ ते म्हणाले. ‘‘गोठवताना तिथल्या नसा वाचत नाहीत. जीव वाचतो, सिस्टर.’’

म्हणजे शब्द चुकला होता आणि उत्तर बरोबर होतं. त्या हॉस्पिटलात त्या प्रश्नाचं खरं उत्तर मिळालेला पहिला माणूस बिरूतात्या, आणि तेही माझ्या गाढवपणामुळे.

गुरुवारी पहाटेच्या एस.टी.ने मी आणि दस्तगीर निघालो. मंगळवेढ्याच्या अलीकडे उतरून विचारत विचारत तीन मैल काळ्या रानातून चालत गेलो. प्रत्येक पावलाला चपलेखाली शेरभर चिखल. दस्तगीर सारखा म्हणत होता, ‘‘बाई, उनो नै आता तो नै आता. जबरदस्ती नक्को.’’ एका बागायतदाराच्या पडीक रानात तात्याने मेंढरं बसवली होती. आम्हाला लांबून बघूनच तो उठून उभा राहिला.

‘‘तात्या, पळू नका. माझ्या वयाच्या बाईला पळवणं बरं दिसत नाही.’’

तो पळाला नाही. काठी आडवी धरून म्हणाला, ‘‘बाय, म्या आयुष्यभर बकरी बडवून खच्ची केली. बडवलेलं बकरं कसं चालतं ते मला ठावं हाय. मला तसलं करू नगा.’’

त्याची बायको रखमा चुलीपाशी होती. तिशीची असेल. पहिली बायको वारल्यावर त्याने हिच्याशी लग्न केलं होतं. सहा वर्षं झाली होती आणि पाळणा हलला नव्हता. हे मला तिनेच सांगितलं, पहिल्या पाच मिनिटांत, भाकरी थापता थापता.

मी दगडावर बसले आणि दोघांना समोर बसवलं. दस्तगीरला म्हटलं, तू मेंढरं बघ. तो गेला, पण ऐकू येईल इतकाच लांब. नर्सिंगच्या तीन वर्षांत शरीराचा प्रत्येक अवयव मला पाठ करायला लावला होता, मात्र नवरा-बायकोला समोर बसवून ही गोष्ट कशी सांगायची ते कोणी शिकवलं नव्हतं. मग मी त्याचाच शब्द उचलला.

‘‘तात्या, पाणी दोन. एक लघवीचं. ते जाईल, धारेने जाईल. थोडे दिवस धोतर भिजेल, मग बंद होईल. दुसरं तुम्ही विचारलंत ते. तुम्ही बडवलेलं बकरं होणार नाही. दाढी राहील, आवाज राहील, अंगातली ताकद राहील. पण रात्रीचं ते बहुतेक जाईल. मूल त्यानंतर होणार नाही.’’

‘‘किती जनांचं जातं?’’ रखमाने विचारलं.

‘‘मला माहीत नाही. आम्ही कोणाला कधी विचारलंच नाही.’’

‘‘आन् न्हाई केलं तर?’’

‘‘तर गाठ वाढेल. हाडात जाईल. आज ते काठीसारखे उभे आहेत. तेव्हा उठवून बसवावं लागेल, आणि आम्हाला काही करता येणार नाही.’’

तात्या जमिनीवर काठीने रेघा मारत होता. रखमाने तव्यावरची भाकरी उलटली.

‘‘बाय, तो मानूस मगाशी सांगत हुता,’’ तिने दस्तगीरकडे बोट केलं, ‘‘तुमच्या डब्यात बैलाचं बीज ठिवत्यात म्हनं. वरसं-वरसं खराब हुत न्हाई. खरं हाय का?’’

‘‘आमच्या डब्यात नाही. ज्यांच्याकडून येतो त्यांच्याकडे ठेवतात. खरं आहे.’’

‘‘मग मानसाचं ठिवायला काय हुतं?’’

तिकडून दस्तगीर ओरडला, ‘‘तौबा, तौबा!’’ तात्या एकदम हसला. त्या दिवसातलं त्याचं पहिलं हसू. मीही हसले. रखमा हसली नाही.

‘‘हसायला काय झालं? आमी चांगला नर राखून ठिवतोच की. तुमी शिकल्यात, तुमी मानसाचा ठिवा.’’

‘‘तसलं इथे होत नाही,’’ मी म्हटलं. हे मी इतक्या सहज म्हटलं की नंतर माझी मलाच शरम वाटली. सोलापूरला परतल्यावर डॉक्टरांना सांगितलं तर ते हसले नाहीत. ‘‘परदेशात ठेवतात,’’ ते म्हणाले. ‘‘इथे कोण ठेवणार?’’ आमच्या मशीनबद्दल डॉक्टरांच्या कितीतरी मित्रांनी येऊन प्रश्न विचारले होते. त्यांतला सगळ्यात नेमका प्रश्न चुलीपुढे बसलेल्या बाईने विचारला होता.

मग तिने दुसरा नेमका प्रश्न विचारला, ‘‘किती दीस थांबता यील?’’

तो अधिकार माझा नव्हता. डॉक्टरांना विचारून निरोप पाठवते म्हटलं. भाकरी आणि लसणीची चटणी खाऊन आम्ही परत निघालो. कॅन तसाच उडून गेला. त्या गुरुवारी ऑपरेशन झालं नाही. डॉक्टर माझ्याशी दोन दिवस कामापुरतंच बोलले. तिसऱ्या दिवशी म्हणाले, ‘‘दसऱ्यापर्यंत. त्यापुढे एक दिवस नाही. तसं कळवा.’’ मी कळवलं.

ते दोन महिने मी तात्याचा जितका विचार केला तितका कुठल्याच पेशंटचा केला नसेल. एकदा वाटे, वाटाणा वाढेल आणि पाप माझ्या माथी येईल. एकदा वाटे, तो येणारच नाही. मधल्या एका रविवारी मी भवानी पेठेत गेले.

मल्लय्या खड्ड्यात पाय सोडून मागावर बसला होता. मागे त्याची बायको रहाटावर कांड्या भरत होती. मी चप्पल काढून आत गेले आणि उभ्या उभ्याच सांगितलं, ‘‘मल्लय्या, तुम्ही मागे विचारलंत ते वयाने झालेलं नाही. ऑपरेशनने झालं. आम्हाला माहीत होतं, आणि आम्ही सांगितलं नाही.’’

मागाचा धोटा थांबला. रहाटही थांबला. मल्लय्या मागे न वळता बायकोला तेलुगूत म्हणाला, ‘‘विन्नावा?’’ ऐकलंस का?

‘‘विन्नानु,’’ ती म्हणाली. ऐकलं.

मग ती उठून आत गेली. आता दार लावून घेईल असं मला वाटलं. ती चहा घेऊन आली. मल्लय्या बशीत चहा ओतता ओतता म्हणाला, ‘‘सिस्टर, आमी दोन वर्स एकमेकाशी बोलला नाय. मला वाटला, माजा मन मेला. तिला वाटला, मला तिचा कंटाला आला.’’ त्याने चहा संपवला आणि पुन्हा धोटा मारला. मी निघाले. त्या घरातून मला कोणी शिवी दिली असती तर सोपं गेलं असतं.

दसऱ्याच्या आदल्या बुधवारी सकाळी दस्तगीर कॅन घेऊन टांग्यातून उतरला, तर फाटकाशी तात्या आणि रखमा बसलेले. मी काही विचारण्याआधी रखमाच म्हणाली, ‘‘दीस राहिलं न्हाईत, बाय. आता तुमचं चालू द्या.’’

गुरुवारी डॉक्टरांनी ‘बंद’ म्हटलं आणि मी कॉक फिरवला. वाटाणा वाढलेला नव्हता. नळी अठरा दिवस राहिली. ती निघाल्यावर तात्याचं धोतर भिजू लागलं आणि तो अस्वस्थ झाला. मी त्याला शिकवलं, लघवी करता करता मधेच धार आखडायची, दहा मोजायचे, सोडायची. एरवीही दिवसभर तेच करायचं. तात्याला आकड्यांचा कंटाळा. तो म्हणाला, मेंढरांमागं चालताना एका बाभळीपासून दुसऱ्या बाभळीपर्यंत आखडीन. संक्रांतीपर्यंत त्याचं धोतर कोरडं झालं. बाभळीचा तो व्यायाम मी नंतर कित्येकांना शिकवला. शहरातल्यांना विजेचे खांब सांगते.

तेव्हापासून आमच्याकडे ऑपरेशनच्या आधी नवरा-बायकोला समोर बसवून दोन्ही पाणी सांगायची रीत पडली. सांगणारी मी. सुरुवातीला डॉक्टर कुरकुरत, पेशंट पळतील म्हणत. एक पळालाही. त्याला पुढे हाडांच्या दुखण्याने अंथरुणाला खिळलेला मी पाहिला आहे. खरं सांगण्याची ती किंमत मी विसरत नाही. पण बाकीचे राहिले, आणि डोळे उघडे ठेवून टेबलावर चढले. पुढे पुढे डॉक्टर हातमोजे चढवतानाच विचारू लागले, ‘‘सिस्टर, दोन पाणी झाली का?’’ बाहेरून आलेल्या एका डॉक्टरांना ते सलाइनबद्दल वाटलं होतं.

आता बर्फाचं मशीन झाकून ठेवलं आहे. दांडीचा वाल्व गळायला लागला, त्याचा सुटा भाग इकडे मिळत नाही, आणि डॉक्टरांचं मनही त्यातून उतरलं आहे. बैलाच्या चित्राचा कॅन दस्तगीरने कोपऱ्यात ठेवला आहे. तो त्याला रोज फडक्याने पुसतो.

बिरूतात्या वर्षातून एकदा तपासणीला येतो. गाठ पुन्हा लागलेली नाही. गेल्या महिन्यात आला तेव्हा वॉर्ड भरलेला होता. मी लांबूनच ओरडले, ‘‘काय तात्या, कसं काय?’’

तात्याने काठी टेकली आणि सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, ‘‘एक पानी जातंय की धारंनं. एक गेलं. तुमी सांगितल्यापरमानं समदं झालं, बाय.’’

शेजारी रखमा उभी होती. ती म्हणाली, ‘‘हळू बोला की वो, लोक आयकत्यात.’’ आणि मग माझ्याकडे वळून, ‘‘बाय, ते मानसाचं ठिवायचं निघालं का हितं अजून?’’

‘‘नाही,’’ मी म्हटलं. ‘‘पण तू विचारत राहा.’’